एका घराच्या दोन किमती

शिकागो शहराच्या पश्चिम अंगाला नॉर्थ लॉन्डेल नावाची वस्ती आहे. १९६१ मध्ये क्लाइड रॉस या गृहस्थांनी तिथे एक घर घेतले. किंमत ठरली २७ हजार ५०० डॉलर. ज्याने ते रॉसना विकले, त्याने स्वतः ते सहाच महिन्यांपूर्वी १२ हजार डॉलरला घेतले होते. सहा महिन्यांत विटांना सोन्याचा मुलामा चढत नाही. रॉस कृष्णवर्णीय होते, एवढे एक कारण त्या वाढीव साडेपंधरा हजारांना पुरेसे होते.

माझे नोकरीचे सारे आयुष्य बँकेत गेले. त्यामुळे कुठलाही सौदा समोर आला की आधी किंमत आणि मग कागद पाहायची खोड लागली आहे. अमेरिकेतल्या वर्णभेदाविषयी आपण सर्वांनीच पुष्कळ वाचलेले असते. गुलामांचे बाजार, बसमधल्या वेगळ्या जागा, मार्टिन ल्यूथर किंग यांचे मोर्चे. ते सारे डोळ्यांसमोर उभे राहते. पण हा भेद कर्जाच्या फाइलीत, नकाशाच्या रंगात आणि हप्त्याच्या पावतीत कसा मुरवला गेला, आणि तो उकरून काढायला किती निरनिराळ्या लोकांना एका टेबलाशी बसावे लागले, ही हकीकत आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. मला ती एखाद्या कादंबरीपेक्षा जास्त वेधक वाटते.

क्लाइड रॉस मूळचे दक्षिणेतल्या मिसिसिपी राज्यातले. लहानपणी त्यांचा एक लाडका घोडा होता. गोऱ्या माणसांना तो आवडला, त्यांनी वडिलांच्या हातावर १७ डॉलर टेकवले आणि घोडा घेऊन गेले. दाद मागायला जागा नव्हती. मोठेपणी रॉस सैन्यात गेले, दुसऱ्या महायुद्धात ग्वाम बेटावर होते, आणि १९४७ मध्ये शिकागोला आले. तिथे कॅम्पबेल सूप कंपनीत सुपाची चव पाहण्याची नोकरी लागली. लग्न झाले, मुले झाली. आता आपले घर असावे, एवढीच इच्छा. ती जगभर सारखीच असते.

अशी इच्छा घेऊन माणूस बँकेत जातो. रॉसना बँकेचे दार बंद होते. ते ज्या ‘कॉन्ट्रॅक्ट’वर घर घेऊन बसले, तो प्रकार आपल्या साठेखतासारखा, पण कितीतरी पटीने घातक होता. घराची मालकी विक्रेत्याकडेच राहणार. शेवटचा हप्ता फिटेपर्यंत खरेदीखत मिळणार नाही. तोवर घरात घेणाऱ्याचा एका विटेइतकाही हक्क निर्माण होत नाही. दुरुस्ती मात्र घेणाऱ्याने करायची, घरपट्टी त्यानेच भरायची. आणि एक हप्ता जरी चुकला, तर सुरुवातीला भरलेले हजार डॉलर, आजवरचे सगळे हप्ते आणि घर, तिन्ही एकदम गेले. म्हणजे मालकाच्या सगळ्या जबाबदाऱ्या आणि भाडेकरूचे हक्क. खरे तर तेवढेही नाहीत. राहायला येऊन तीन महिने होतात न होतात तोच घर गरम ठेवणारा बॉयलर फुटला. रॉसनी पोस्टात दुसरी नोकरी धरली, मग पिझ्झा पोचवण्याची तिसरी.

आता बँका का देत नव्हत्या, ते पाहू. इथे गोष्ट जरा मागे न्यावी लागते.

१९३० च्या मंदीत अमेरिकेत हजारो घरे जप्त होऊ लागली, तेव्हा सरकारने १९३३ मध्ये ‘होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन’ आणि पुढच्या वर्षी ‘फेडरल हाउसिंग ॲडमिनिस्ट्रेशन’ अशा दोन संस्था काढल्या. दुसरीचे काम गृहकर्जाला सरकारी विम्याची हमी देण्याचे. त्याआधी अमेरिकेत घरासाठी कर्ज घेणे हे आजच्यासारखे सोपे नव्हते. जवळजवळ निम्मी रक्कम आधी भरायची आणि पाच-सात वर्षांत उरलेले फेडायचे. हमी आल्यावर बँकांना धीर आला. थोडी रक्कम आधी, बाकीची वीस-पंचवीस वर्षांच्या सारख्या हप्त्यांत, अशी पद्धत रुळली. कारकून, गवंडी, शिक्षक अशा साध्या माणसांच्या नावावर घरे झाली. अमेरिकेतला गोरा मध्यमवर्ग बव्हंशी या हमीवर उभा राहिला, असे म्हणायला हरकत नाही.

‘गोरा’ हा शब्द इथे हिशेबाचा आहे. पहिल्या संस्थेने दोनशेहून अधिक शहरांचे नकाशे तयार केले. उत्तम वस्ती हिरवी, त्याखालची निळी, उतरणीला लागलेली पिवळी, आणि धोक्याची लाल. वस्तीच्या पाहणीचा छापील तक्ता होता. त्यात घरांची वये, बांधकाम, रहिवाशांचे उत्पन्न यांच्या जोडीला ‘निग्रो’ किती टक्के, परदेशात जन्मलेले किती टक्के, असे रकाने होते. आणि कोणाचा ‘शिरकाव’ होत आहे, असाही एक रकाना. शिरकाव! शेजारी राहायला येणाऱ्या कुटुंबाला हा शब्द सरकारी छापखान्यात छापला गेला. दुसऱ्या संस्थेच्या नियमपुस्तिकेत तर वस्ती एकाच वंशाची राहावी, ही सुरक्षित कर्जाची खूण मानली होती. या नकाशांचा बँकांवर नेमका किती परिणाम झाला, यावर इतिहासकारांत वाद आहे. हमी देणाऱ्या संस्थेच्या नियमांविषयी वाद नाही. १९४१ मध्ये डेट्रॉइट शहरात एका बिल्डरला कृष्णवर्णीयांच्या वस्तीलगत गोऱ्यांसाठी घरे बांधायची होती. सरकारी हमी मिळेना. तेव्हा त्याने दोन वस्त्यांच्या मध्ये सहा फूट उंच आणि सुमारे अर्धा मैल लांब सिमेंटची भिंत घातली. हमी मिळाली. ती भिंत अजून उभी आहे. तिच्यावर आता चित्रे रंगवलेली आहेत.

वसुलीचा धोका बघणे हे बँकेचे कामच आहे. त्यात वावगे काही नाही. पण धोका कर्जदाराचा पाहायचा असतो. त्याचा पगार, त्याची जुनी देणी, तारणाची किंमत. इथे माणसाचा पगार पाहण्याआधीच त्याचा रस्ता पाहून फाइल बंद होत होती. आणि गंमत अशी की जो धोका टाळायचा, तोच या नकारातून तयार होत होता. कसा, ते सांगतो. कर्ज नाही म्हणून माणूस दुप्पट किमतीच्या कॉन्ट्रॅक्टवर घर घेतो. हप्ता झेपावा म्हणून घरात पोटभाडेकरू ठेवतो, दोन पाळ्यांत काम करतो. छपराची दुरुस्ती पुढे ढकलतो. मुलांकडे बघायला घरी कोणी नसते. पाच वर्षांत गल्लीची रया जाते. मग पलीकडच्या गल्लीतला गोरा माणूस बोट दाखवून म्हणतो, बघा, ही माणसे आली की वस्ती कशी बिघडते. आणि नकाशा काढणारा म्हणतो, बघा, आमचा लाल रंग बरोबर होता.

त्या गोऱ्या माणसाचीही एक बाजू आहे. १९५० च्या खानेसुमारीत लॉन्डेलमध्ये कृष्णवर्णीय होते १३ टक्के. १९६० मध्ये ९१ टक्के. दहा वर्षांत एक लाखाहून मोठी वस्ती जवळजवळ संपूर्ण बदलली. हे आपोआप झाले नाही. घरांचे दलाल रात्री-अपरात्री फोन करीत, ‘ते’ लोक तुमच्या गल्लीत येत आहेत, आत्ताच विका, उद्या एवढेही मिळणार नाही. एखाद्या कृष्णवर्णीय बाईला पैसे देऊन बाबागाडी ढकलत त्या रस्त्यावरून फिरायला लावत. घाबरलेले कुटुंब मिळेल त्या किमतीला घर फुंकून उपनगरात जाई. तेच घर दलाल रॉससारख्याला दुप्पट भावाने देई. दोन्ही नुकसाने सारखी नव्हती, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. गोऱ्या कुटुंबाला उपनगरात सरकारी हमीचे स्वस्त कर्ज मिळत होते. रॉसना काहीच मिळत नव्हते. पण दोघांच्या खिशातून गेलेला पैसा एकाच माणसाच्या खिशात जात होता. आणि ज्या पतसंस्था कृष्णवर्णीयांना दारात उभे करीत नव्हत्या, त्याच या मध्यस्थांना भांडवल पुरवत होत्या. २०१९ मध्ये ड्यूक विद्यापीठातल्या संशोधकांनी हिशेब मांडला. त्या दोन दशकांत शिकागोत कृष्णवर्णीयांना विकल्या गेलेल्या घरांपैकी ७५ ते ९५ टक्के घरे कॉन्ट्रॅक्टवर गेली होती, आणि त्यात त्या समाजाचे ३ ते ४ अब्ज डॉलर बुडाले होते.

१९६६ च्या जानेवारीत स्वतः मार्टिन ल्यूथर किंग लॉन्डेलमध्ये एका पडक्या इमारतीत भाड्याने राहायला आले. त्या ऑगस्टमध्ये गोऱ्यांच्या वस्तीतून मोर्चा नेताना त्यांच्या डोक्याला दगड लागला. किंग परत गेले. कॉन्ट्रॅक्टचे हप्ते चालूच राहिले.

पुढच्या वर्षी लॉन्डेलमध्ये एक गोरा तरुण येऊन राहिला. जॅक मॅकनमारा त्याचे नाव. कॅथलिक धर्मगुरू होण्यासाठी तो जेझुइट पंथात शिकत होता. त्या भागातल्या प्रेझेंटेशन चर्चचे प्रमुख जॅक ईगन यांनी त्याला पाठबळ दिले. मॅकनमाराबरोबर कॉलेजचे काही विद्यार्थी होते. काय करायचे, याचा नीटसा आराखडा त्यांच्याजवळ नव्हता. दारोदार जायचे आणि लोकांचे ऐकायचे, एवढेच. ऐकता ऐकता एक शब्द सारखा कानावर येऊ लागला, कॉन्ट्रॅक्ट. मग या मुलांनी एक अत्यंत कंटाळवाणे काम अंगावर घेतले. सरकारी नोंदणी कार्यालयात बसून एकेका घराचे जुने व्यवहार शोधायचे. आमच्या भाषेत ‘टायटल सर्च’. धूळ खात पडलेली बाडे उलगडून, हे घर आधी कोणी, कोणाला, कितीला विकले, ते वहीत उतरवायचे. मला त्या मुलांचे फार कौतुक वाटते. मोर्चात जाणे सोपे असते असे नाही, पण दप्तरखान्यात दिवसचे दिवस बसणे त्याहून अवघड.

त्या वहीतून दोन किमती शेजारी शेजारी आल्या. एकाने घेतली ती, दुसऱ्याला दिली ती. विकून गेलेल्याला पुढची किंमत ठाऊक नव्हती, घेणाऱ्याला मागची. दोघे एकमेकांशी बोलत नव्हते, आणि बोलू नयेत अशीच व्यवस्था होती.

पण कागद सापडला म्हणजे काम झाले, असे नाही. लॉन्डेलमधली माणसे आपापला आकडा सांगायला तयार नव्हती. फसलेला माणूस आधी आकडा लपवतो, बायकोपासूनसुद्धा लपवतो, हे कर्ज खात्यात काम केलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही. प्रत्येकाला वाटत होते, आपणच मूर्ख निघालो, बाकीच्यांनी नीट सौदा केला असेल. हा बांध रूथ वेल्स या बाईंनी फोडला. चर्चमधल्या सभेत उभे राहून त्यांनी आपल्या घराची खरी किंमत आणि आपण मोजत असलेली किंमत, दोन्ही सांगितल्या. मग दुसरा उठला, तिसरा उठला. दर आठवड्याला सभा भरू लागली, आणि १९६८ मध्ये ‘कॉन्ट्रॅक्ट बायर्स लीग’ उभी राहिली. चार्ली बेकर आणि क्लाइड रॉस हे तिचे पुढारी.

इथे एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. दप्तर शोधणारे गोरे विद्यार्थी होते, खटले लढवणारे गोरे वकील होते, जागा कॅथलिक चर्चची होती. पण निर्णय हप्ते भरणाऱ्यांचा होता. ज्यांचे घर पणाला लागले होते त्यांनीच ठरवायचे. या वाटणीवर कुरबुरी झाल्या नाहीत असे नाही. गोऱ्यांची मदत कशाला हवी, असे म्हणणारे कृष्णवर्णीय तरुण तेव्हा होतेच, आणि ते म्हणणे अगदी अनाठायी नव्हते. शिवाय आणखी एक नाजूक पेच. लॉन्डेल ही पूर्वी ज्यू लोकांची वस्ती. तिथल्या कॉन्ट्रॅक्ट विक्रेत्यांत काही ज्यू होते, तसे इतर पंथांचेही होते. रागाच्या भरात सारा दोष एका जमातीच्या माथी मारणे सोपे होते. पण या फसवणुकीविरुद्ध १९५० च्या दशकापासून जवळजवळ एकटे झगडणारे वकील मार्क सॅटर हेही ज्यूच होते. त्यांची स्वतःची मिळकत लॉन्डेलमध्ये होती. १९६५ मध्ये, पन्नाशीही न गाठता ते वारले. त्यांची मुलगी बेरिल सॅटर पुढे इतिहासाची प्राध्यापक झाली, आणि २००९ मध्ये ‘फॅमिली प्रॉपर्टीज’ या पुस्तकात तिने ही सारी हकीकत मांडली. तेव्हा कोण कुठल्या बाजूला, हे आडनावावरून ठरत नव्हते.

१९६८ च्या डिसेंबरात लीगने हप्ते बंद केले. पैसे उडवायचे नाहीत. दर महिन्याची रक्कम बाजूला एकत्र जपून ठेवायची आणि विक्रेत्याला म्हणायचे, आधी किंमत नव्याने ठरवा. पाचशेहून अधिक कुटुंबे यात उतरली. हे धाडस किती मोठे, ते करारातली ती अट आठवली की कळते. एक हप्ता चुकला की सगळे गेले. तसे झालेही. १९७० मध्ये शेरीफची माणसे येऊन घरातले सामान फुटपाथवर टाकू लागली. शेजारी जमत, आणि शेरीफची गाडी वळली की पलंग, कपाटे, मुलांची दप्तरे उचलून पुन्हा आत नेऊन ठेवत. शहरातल्या एका बड्या वकिली फर्ममधले ॲल्बर्ट जेनर आणि टॉमस सलिव्हन यांनी एक पैसा न घेता खटले चालवले.

शेवटी काय झाले? शेकडो करार नव्याने झाले, किमती उतरल्या, काहींना सरळ बँकेचे कर्ज आणि हातात खरेदीखत मिळाले. पण सामाजिक अन्याय म्हणून जे मोठे दावे लावले होते, ते लीग हरली. १९७६ मध्ये ज्युरीने एका खटल्याचा निकाल विक्रेत्यांच्या बाजूने दिला. तोवर आठ वर्षे गेली होती.

लॉन्डेलच्या पलीकडे, शहराच्या सीमेला लागून ऑस्टिन ही वस्ती. तिथे ग्रीक, इटालियन, आयरिश अशा कष्टकरी गोऱ्यांची घरे होती, आणि दलालांचे फोन आता तिथे वाजू लागले होते. गेल सिनकोटा या सहा मुलांच्या आईने तिथे मुलांच्या शाळेतल्या गर्दीपासून सुरुवात केली. शिक्षण बेताचे, आवाज खणखणीत. शाळा का ढासळते, याचा माग काढताना त्या बँकेच्या दाराशी पोचल्या. त्यांना दिसले ते असे: ऑस्टिनमध्ये जन्म गेलेल्या गोऱ्या म्हातारीलासुद्धा छप्पर दुरुस्त करायला कर्ज मिळत नाही, कारण वस्ती आता ‘बदलती’ आहे. तिच्या ठेवी मात्र त्याच बँकेत आहेत. म्हणजे वस्तीचा पैसा बँक गोळा करते आणि कर्ज उपनगरात वाटते. राहू इच्छिणारे गोरे आणि येऊ इच्छिणारे कृष्णवर्णीय, दोघांना एकच दार बंद. शत्रू शेजारी नव्हता. तो काउंटरच्या पलीकडे होता. एवढे कळल्यावर सिनकोटाबाई आणि पाद्रीपण सोडून संघटक झालेले शेल ट्रॅप यांनी दोन्हीकडच्या लोकांना एकत्र बांधले. पुढे पोर्तो रिकन आणि मेक्सिकन वस्त्याही आल्या. १९७२ मध्ये शिकागोत देशभरच्या वस्त्यांची परिषद भरली आणि ‘नॅशनल पीपल्स ॲक्शन’ ही संघटना जन्मली. या लोकांचे एकमेकांवर प्रेम जडले होते, असा माझा मुळीच दावा नाही. सभेतून घरी जाताना मनात जुने ग्रह घेऊनच जाणारे पुष्कळ असतील. पण पुढच्या सभेला ते येत होते.

त्यांची मागणी आमच्या बँकवाल्यांना चटकन समजेल अशी होती. तुम्ही कोणत्या वस्तीत किती कर्ज दिले, ते जाहीर करा. आपल्याकडे १९६९ मध्ये १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि त्याच वर्षी अग्रणी बँक योजना आली. त्यानंतर ठेवींच्या मानाने कर्ज किती, हा प्रश्न जिल्ह्याच्या बैठकीत कलेक्टरसाहेब विचारू लागले. तेव्हा आम्ही त्या तक्त्यांना वैतागायचो, ही गोष्ट वेगळी. शिकागोत तोच प्रश्न एका गृहिणीने विचारला. बँका म्हणाल्या, आम्ही भेदभाव करत नाही. सिनकोटांचे उत्तर एवढेच की मग वही दाखवा. १९७४ मध्ये शिकागो महापालिकेने नियम केला की पालिकेच्या ठेवी हव्या असतील तर कर्जांची माहिती उघड करावी लागेल. १९७५ च्या शेवटच्या दिवशी राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी सही केली आणि तोच देशाचा कायदा झाला. पाठोपाठ १९७७ मध्ये ‘कम्युनिटी रीइन्व्हेस्टमेंट ॲक्ट’ आला. सिनेटच्या बँकिंग समितीचे अध्यक्ष विल्यम प्रॉक्समायर यांनी तो पुढे रेटला. जिथून ठेवी घेता, तिथल्या गरीब वस्त्यांच्या कर्जाच्या गरजाही भागवा, व्यवसायाची सुरक्षितता सांभाळून भागवा, असा त्याचा गाभा.

या कायद्यात वंशाचा उल्लेख नाही. काहींना ती पळवाट वाटते. मला ती त्या युतीची खूण वाटते. ऑस्टिनची गोरी म्हातारी आणि लॉन्डेलचे रॉस एकाच कलमात बसतील, अशी भाषा तीत आहे. त्याची किंमतही मोजावी लागली, ती पुढे येईलच. कायद्यात दंडाची तरतूदही नव्हती. पण बँकेला नवी शाखा उघडायची किंवा दुसरी बँक विकत घ्यायची असेल, तर परवानगी देताना तिचे हे वर्तन पाहिले जाणार होते, आणि नागरिकांना हरकत घेता येणार होती. मुठीत धरायला एवढी दांडी पुरली. १९८४ मध्ये शिकागोतली एक बडी बँक दुसरी बँक विकत घ्यायला निघाली, तेव्हा वस्त्यांच्या संघटनांनी ती दांडी धरली. तीन बँकांनी मिळून पाच वर्षांत १७ कोटी ३० लाख डॉलर दुर्लक्षित वस्त्यांत कर्ज म्हणून देण्याचे मान्य केले.

वह्या उघडल्यावर काय दिसते, ते १९८८ मध्ये अटलांटाच्या एका दैनिकाने दाखवले. सारख्याच उत्पन्नाच्या गोऱ्या वस्त्यांना कृष्णवर्णीय वस्त्यांच्या पाचपट गृहकर्जे मिळत होती. बिल डेडमन या वार्ताहराला त्यासाठी पुढच्या वर्षी पुलित्झर पारितोषिक मिळाले. १९९२ मध्ये बॉस्टनच्या फेडरल रिझर्व्ह बँकेने आणखी बारकाईने पाहिले. पगार, कर्जाचा इतिहास, तारण सगळे सारखे धरले, तर गोऱ्या अर्जदाराला नकार मिळण्याचे प्रमाण ११ टक्के आणि कृष्णवर्णीय वा लॅटिन अर्जदाराला १७ टक्के.

हा फरक येतो कुठून, याचे त्या अहवालातले उत्तर वाचून मी खुर्चीत सावरून बसलो. ज्यांचे सगळे कागद चोख असतात त्यांना कर्ज मिळते, रंग कोणताही असो. पण असे अर्जदार थोडे. दहातल्या आठांच्या फाइलीत काहीतरी खोट असतेच. एखादा हप्ता उशिरा गेलेला, नोकरी नवी, शिल्लक जरा कमी. अशा वेळी अधिकारी काय करतो? ओळखीचा, आपल्यासारखा दिसणारा माणूस असला तर तो म्हणतो, बसा, हे पत्र आणा, ते खाते बंद करा, सासऱ्यांना जामीन घ्या, होऊन जाईल. नसला तर फाइल आहे तशी पुढे जाते आणि नियमाप्रमाणे परत येते. कोणी कोणाचा अपमान केलेला नसतो. नियम मोडलेला नसतो. बँकेत काम केलेल्यांना हे ‘बसा’ किती मोलाचे असते, ते ठाऊक आहे. सत्तरच्या दशकात अमेरिकेत गेलेल्या आपल्या मराठी इंजिनिअर-डॉक्टरांनाही ते ठाऊक असणार. १९६५ च्या स्थलांतर कायद्याने त्यांना देशाचे दार उघडले, आणि किंग यांच्या हत्येनंतर आठवड्याभरात, ११ एप्रिल १९६८ ला, सही झालेल्या घरांच्या कायद्याने उपनगराचे. रंगावरून घर नाकारणे बेकायदा ठरले होते, म्हणून गोरे नसलेल्या या पाहुण्यांना हिरव्यागार उपनगरांत घरे घेता आली. त्या दाराची कडी कोणी काढली, याची आठवण आपल्या तिकडच्या संमेलनांत अधिक निघायला हवी.

सगळे सुरळीत झाले का? नाही. २००० नंतर नकाशा उलटा झाला. पूर्वी ज्या वस्त्यांत कर्ज मिळत नसे, तिथे आता चढ्या व्याजाची कर्जे गळ्यात मारली जाऊ लागली. कंट्रीवाइड या कंपनीने दोन लाखांहून अधिक कृष्णवर्णीय आणि लॅटिन कर्जदारांना जादा व्याज व शुल्क लावल्याचे प्रकरण २०११ मध्ये ३३ कोटी ५० लाख डॉलर देऊन मिटवले गेले. २००८ च्या कोसळण्याचे खापर काहींनी त्या १९७७ च्या कायद्यावर फोडले. हिशेब वेगळे सांगतो. चढ्या व्याजाच्या कर्जांपैकी अवघी ६ टक्के कर्जे त्या कायद्याखालच्या बँकांनी आपल्या भागातल्या गरीब वस्त्यांत दिलेली होती. २०२२ च्या सरकारी पाहणीत मधल्या गोऱ्या कुटुंबाची मालमत्ता २ लाख ८५ हजार डॉलर आणि कृष्णवर्णीय कुटुंबाची ४४ हजार ९०० भरली. वंशाचे नाव न घेता लिहिलेल्या कायद्याला, वंशाचे नाव घेऊन पाडलेली ही दरी कितपत बुजवता येईल, हा प्रश्न आता तिथले लोक उघड विचारत आहेत. विचारायलाच हवा.

लॉन्डेलची वस्ती १९६० मध्ये सव्वा लाखाच्या घरात होती. आज ती ३५ हजारांच्या आसपास आहे. रस्त्यांच्या कडेला मोकळे प्लॉट दिसतात. गेल सिनकोटा २००१ मध्ये गेल्या. त्यांनी उघडायला लावलेल्या वह्या बँकांना आजही दरवर्षी भराव्या लागतात, आणि १९९० पासून त्यांत अर्जदाराचा वंश लिहावा लागतो. २०१४ मध्ये ता-नेहीसी कोट्स या लेखकाने लॉन्डेलवर मोठा लेख लिहिला. तेव्हा क्लाइड रॉस ९१ वर्षांचे होते आणि त्याच घरात राहत होते.